बाजाराच्या आदल्या संध्याकाळचं पाणी

बातमी मला घाटंजीच्या बाजारात, वांग्यांच्या ढिगासमोर कळली. मी भाव करत होते आणि भाजीवाली नेहमीसारखी चिडवत होती, मास्तरीणबाई, पिशवी एवढी मोठी अन् वांगे पाव किलो. मग तराजू हातात तसाच धरून ती थांबली आणि म्हणाली, "तुमची भोंगेवाली गेली न्, माहीत हाय का? सकाळीच गेली म्हनतात." मी वांगी तिथंच ठेवली आणि चिंचेकडे गेले. बाजाराच्या मधोमध एक जुनी चिंच आहे, तिच्या बुंध्याशी एक सपाट दगड आहे, आणि त्या दगडावर उभी राहून द्रुपदाबाई दर बाजाराला भोंग्यातून बोलायची. दगडावर त्या दिवशी कुणीतरी कोथिंबिरीच्या जुड्या मांडल्या होत्या. मला आधी संताप आला. मग वाटलं, द्रुपदाबाईला हे चाललं असतं. ती असती तर म्हणाली असती, "जुड्या सरकव वं थोड्या, मले पाय ठेवाले जागा दे." ...मी कोथिंबिरीची एक जुडी घेतली आणि रडत रडत बसस्टँडकडे गेले. लोक बघत होते. बघू दे म्हटलं.

त्याला आता काही आठवडे झाले. रडून झालंय. आता जे उरलंय तो अभिमान आहे, आणि तो मी लपवणार नाही. आमच्या तालुक्याच्या बाहेर तिला कुणी ओळखत नव्हतं. तिच्यावर कुणी पुस्तक लिहिलं नाही, तिला शाल-श्रीफळ मिळाल्याचंही मला आठवत नाही. एकदा कुणीतरी सत्कार ठरवला होता, तर ही त्या सत्कार करणाऱ्याचंच काहीतरी बाहेर काढून बसली आणि शाल तशीच दुकानात परत गेली. हे ती स्वतः हसत हसत सांगायची.

ती आमच्या गावच्या बौद्धपुऱ्यातली. शाळा चौथीपर्यंत, लग्न लवकर, नवरा लवकर गेला, मग आयुष्यभर निंदण आणि कापूस वेचणं. अंगानं काटक, उंच, आवाज घोगरा. रोजगार हमीच्या कामावर बायांना सावली का नाही, वस्तीतला हातपंप बिघडला की महिनोन् महिने तसाच का राहतो, शाळेत आमच्याच पोरांना झाडू काहून देता, असले प्रश्न ती विचारायची. आधी नुसत्या तोंडानं विचारायची. भोंगा तिच्याकडे नंतर आला. रशीदभाई म्हणून बाजाराच्या तोंडाशी फवारणीचे पंप दुरुस्त करणारे मिस्त्री होते. त्यांच्या दुकानात एका पडलेल्या उमेदवाराचा भोंगा धूळ खात होता. द्रुपदाबाई तो उचलून म्हणाली, "यानं आजवर लय खोटं ऐकवलं. आता थोडं खरं बोलू द्या याले." रशीदभाई हसले आणि भोंगा तिला देऊन टाकला.

पण त्याच रशीदभाईंवर तिनं पुढे एकदा भोंग्यातून आरोप केला होता. पंपाला जुनाच वायसर घालतात आणि नवा सांगतात, असं कुणीतरी तिच्या कानात घातलं, आणि तिनं ते भर बाजारात बोलून टाकलं. वायसर जुना घालणारा निघाला शेजारच्या दुकानातला. रशीदभाई दुकान बंद करून घरी गेले. पुढच्या बाजाराला ती दगडावर चढली आणि दुसरं काहीच बोलली नाही. मी चुकली, रशीदभाई सच्चा माणूस हाय, मी न विचारता बोलली, हेच ती बाजार उठेपर्यंत सांगत राहिली, घसा बसेपर्यंत. मग त्यांच्या घरी गेली आणि दारात उभी राहून पाणी मागितलं. रशीदभाईंच्या बायकोनं सरबत दिलं. "पानी क्यूं, आपा, सरबत पिओ," असं म्हणाल्याचं द्रुपदाबाई सांगायची आणि सांगताना दर वेळी तिचा आवाज जरा हलायचा. तिचा भोंगा बिघडला की तिथून पुढे रशीदभाईच नीट करायचे.

तिचा नियम तेव्हापासूनचा. बाजारात ज्याचं नाव घ्यायचं, त्याच्या घरी आदल्या संध्याकाळी जायचं. त्याच्या तोंडावर सांगायचं की उद्या तुमचं नाव घेणार आहे, अमुक कारणासाठी घेणार आहे, चुकत असेन तर आत्ताच सांगा. मग पाणी मागायचं, प्यायचं आणि निघायचं. चहा कुणी दिला तरी घ्यायची नाही. मी तिला विचारलं होतं, की लोकांना आदल्या दिवशी कळलं तर ते सावध होतात, पुरावे लपवतात, तुझंच नुकसान होतं. ती म्हणाली, "होऊ दे. पाठीमांगून खरं बोललं तरी थे चहाडीच होते, पुसदवाली." पुसदवाली म्हणजे मी, माझं माहेर पुसदचं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मुलं मोठी झाली, तिनं मला नावानं हाक मारली नाही ती नाहीच.

आणि पाणी मागण्याचंही एक होतं. ते तिनं भोंग्यातून कधीच सांगितलं नाही. तिच्या आईला मोठ्या घरांत ओंजळीत वरून पाणी मिळायचं. तिला स्वतःला मिळायला लागलं ते वेगळ्या ठेवलेल्या भांड्यात. ती फक्त पाणी मागायची आणि कशातून येतं ते बघत उभी राहायची. ज्यांना लाज वाटायची त्यांना वाटायची. बाकीच्यांच्या घरी ती पुन्हा जायची, पुन्हा मागायची.

आमच्या घरी ती पहिल्यांदा आली तेव्हा मी नवी सून होते. माझे सासरे, आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो, ओसरीत बंगईवर बसलेले होते. बंगई म्हणजे आमच्याकडचा झोपाळा, त्यावर बसूनच मामाजी अख्खं गाव चालवायचे. द्रुपदाबाई अंगणात उभी राहून म्हणाली, "पाटील, उद्या बाजारात तुमचं नाव घेणार हाय. तुमच्या वावरातल्या विहिरीवरून आमच्या बायाईले पाणी घेऊ देत नाही. दिवसभर कापूस वेचाचा अन् पाणी नाल्यातलं प्याचं. चुकत असन तं सांगा." बंगई तशीच हलत राहिली. ती म्हणाली, "पाणी द्या मंग थोडं." सासूबाई देवघरात होत्या, म्हणून पाणी द्यायला मी उठले. आता माझ्या माहेरी येईल त्याला एकाच मांडणीवरल्या पेल्यांतून पाणी मिळायचं. त्यात आमचा काही थोरपणा नव्हता, दुकानावरचं घर, सतत ये-जा, वेगळं भांडं ठेवायला कुणाला वेळ होता. त्यामुळे मागच्या दाराशी कोनाड्यात पालथा घातलेला चेपका जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, गिलास कशासाठी आहे, हे मला ठाऊकच नव्हतं. मला वाटलं, मामाजींकडे कुणी आलंय, तर चांगलं भांडं न्यावं. आणि मी मांडणीवरचा सगळ्यात लखलखीत तांब्याचा पेला उचलला, भरला आणि नेऊन तिच्या हातात दिला.

तो मामाजींचा स्वतःचा पेला होता. त्यांच्या लग्नात सासुरवाडीनं दिलेला, काठाखाली त्यांचं पूर्ण नाव कोरलेला. बंगई थांबली. द्रुपदाबाईनं पेल्याकडे बघितलं, नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं... एरवी ती भांडं वर धरून पाणी तोंडात सोडायची, तशी सवयच होती तिची. त्या दिवशी तिनं पेल्याला तोंड लावलं. सगळं पाणी संपवलं, पेला माझ्या हातात दिला आणि विचारलं, "कुठची वं तू?" मी म्हटलं, पुसदची. "बरं हाय," एवढंच बोलून ती गेली.

मग घरात जे झालं ते काय सांगू. सासूबाई हताश होऊन पाटावर बसल्या. "अवं माय, कोन्या पेल्यात नेलं तू पाणी?" राखेनं घासला, चुलीतल्या निखाऱ्यावर धरला, पुन्हा घासला. मामाजी तरी म्हणाले, मले नको आता थो. शेवटी सासूबाईंनी पेला माझ्यासमोर आपटला आणि म्हणाल्या, "आता तूच पे याच्यात." ती शिक्षा होती. मी त्यातच पाणी प्यायला लागले. पहिले काही दिवस अपमान वाटला, खोटं कशाला बोलू. नंतर मात्र मला तो पेला आवडायला लागला आणि माहेराहून आणलेली भांडी मी माळ्यावर टाकून दिली.

दुसऱ्या दिवशी तिनं बाजारात मामाजींचं नाव घेतलं. गावात चर्चा झाली, मामाजी आठवडाभर कुणाशी धड बोलले नाहीत, आणि मग एका सकाळी आमच्या वावरात आंब्याखाली पाण्याचा रांजण आला. कुणी आणला, का आणला, यावर घरात कुणी बोललं नाही. असे रांजण पुढे बऱ्याच वावरांत आले. आज पोरी वेचायला जातात आणि रांजणातलं पाणी पितात, त्यांना वाटतं तो तिथं पहिल्यापासून आहे. द्रुपदाबाईला याचं फार बरं वाटायचं. "त्याईले माहीतच नाही, हेच तं पाह्यजे होतं," म्हणायची.

आता मारोतीचं सांगते. हे सांगायचं म्हणूनच खरं तर लिहायला बसले आहे. मारोती आमच्याकडे सालदार होता, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतीचं सगळं काम बघणारा. शांत माणूस, हसला तर डोळ्यांनी हसायचा. माझे यजमान शिक्षक, त्यांची नोकरी पांढरकवड्याकडे, म्हणून शेती धाकटे दीर सुधाकरभाऊ बघायचे. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्याइतकी उंच झाली होती, बोंडअळी आली होती आणि सगळीकडे फवारणी चालू होती. हवा दमट, वारा नाही. जेवणाचा डबा घेऊन मी वावरात गेले तर मारोती धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसला होता. पाठीवरचा पंप गळत होता आणि सदरा ओला होऊन अंगाला चिकटला होता. तोंडाला रुमाल नाही, हातात मोजे नाहीत. घाम नुसता निथळत होता. तो म्हणाला, "वैनीबाई, डोयाले धुक्यासारखं दिसून राह्यलं." बोलता बोलताच त्याला उलटी झाली. मी म्हटलं, मारोती, बंद कर, घरी जा. तर म्हणे, एवढा पट्टा होऊ द्या, सुधाकरभाऊ रागावतीन. आणि मग म्हणाला, "जाता जाता इंदूले निरोप देजा, आज भाकर नाही खात म्हना. पातळ वरन अन् भात कर." इंदू त्याची बायको. मी घरी येऊन सुधाकरभाऊंना सांगितलं की त्याला दवाखान्यात न्या. इंदूलाही निरोप दिला. तिनं वरण लावलं होतं... संध्याकाळी मारोती वावरातच पडला. आधी घाटंजीला नेलं, मग यवतमाळला. परत आलाच नाही.

आणि त्याची तेरवी होण्याआधीच गावात गोष्ट पसरली, की मारोती फवारणीचं औषध पिला. घरात बायकोशी भांडण झालं, त्या रागात पिला. ही गोष्ट आमच्याच घरातून निघाली होती. सुधाकरभाऊ पोलीस केसला घाबरले होते, पानठेल्यावर कुणापाशी तरी बोलले, आणि तिथून ती वाढत गेली. पोलिसांच्या कागदावरही तसंच लागलं. इंदूच्या सासूनं ऊर बडवून घेतला, माझ्या लेकाला हिनंच खाल्लं म्हणाली आणि इंदूला घराबाहेर काढलं. बाया तिच्याशेजारी निंदायला बसेनात. पाण्यावर गेली तर बोलणं थांबायचं. नवरा गेला होताच, वर त्याला मारल्याचा डाग आयुष्यभर लागणार होता, आणि तो पुसायला तिच्याकडे तिच्या शब्दाशिवाय काही नव्हतं. तिचा शब्द कोण ऐकणार. द्रुपदाबाईनं तिला आपल्या खोलीत ठेवून घेतलं.

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी द्रुपदाबाई आमच्या अंगणात आली. आता तीही थकली होती, मामाजींच्याही हातात काठी आली होती. "पाटील, उद्या तुमचं नाव घेणार हाय," ती म्हणाली. "मारोती औषध पिला नाही. तुमच्या वावरात फवारता फवारता त्याच्या आंगात भिनलं. अन् तो बायकोपायी पिला ही गोष्ट तुमच्या घरातून निंगाली. चुकत असन तं सांगा." मामाजी जमिनीकडे बघत राहिले. सुधाकरभाऊ म्हणाले, पुरावा काय हाय तुमच्यापाशी, पाह्यलं कोणी? ती म्हणाली, "पाणी द्या."

मी आत गेले. तोच पेला भरून आणला आणि देता देता म्हटलं, "मावशी, मी..." तिनं डाव्या हातानं मला थांबवलं. पाणी प्यायली. मग म्हणाली, "पुसदवाली, आज तू काही बोलू नको. इथं बोलशीन तं घरातल्या घरात जिरन. तुले याच घरात राहाचं हाय, लेकरं हायेत तुले. इचार कर. मी तुले बोलावनार नाही, तुहं नावही घेनार नाही." तिला साक्षीदार हवा होता, आणि समोर उभा होता. तरीही तिनं मला ओढलं नाही. मला तिचा सर्वांत जास्त अभिमान वाटतो तो याचा. मोर्चे काढणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, गरज असतानाही दुसऱ्याच्या संसाराचा विचार करणारी फार थोडी.

सकाळी मी यजमानांना फोन केला. ते म्हणाले, "तुला जे दिसलं तेवढं सांग. जास्त नाही अन् कमी नाही." मी पिशवी घेतली आणि एसटीनं घाटंजीला गेले. चिंचेखाली नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. बाजूला चहाच्या गाडीपाशी मामाजी काठी टेकून उभे होते. आजवर त्यांचं नाव घेतलं गेलं तेव्हा ते कधी ऐकायला आले नव्हते. द्रुपदाबाई बोलली, आमच्या घराचं नाव घेतलं, वावराचं नाव घेतलं. सुधाकरभाऊ गर्दीतून ओरडले, "पाह्यलं का कोणी? सांगा नं, कोणं पाह्यलं?"

मी म्हटलं, मी पाहिलं. पण माझा आवाज माझ्याच कानापर्यंत पोचला की नाही देव जाणे. द्रुपदाबाई दगडावरून खाली उतरली, मला वर चढवलं आणि भोंगा हातात दिला. मी कुठलं तरी बटण दाबलं, भोंग्यानं अशी काही शिट्टी मारली की अख्खा बाजार हसला, आणि त्या हसण्यानंच माझी भीती जरा कमी झाली. मी सांगितलं. गळका पंप, ओला सदरा, धुक्यासारखं दिसणं, उलटी, सगळं. आणि शेवटी निरोप सांगितला, की इंदूला म्हणावं पातळ वरण आणि भात कर. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. मिरच्यांच्या ढिगामागे इंदूची सासू बसली होती. तिनं पदर तोंडात कोंबला. रागानं बायकोपायी विष पिणारा माणूस संध्याकाळच्या जेवणाचा निरोप धाडत नाही, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. ती उठली, गर्दीतून वाट काढत दगडाशी उभ्या असलेल्या इंदूपाशी गेली आणि तिचा हात धरून तिला मिरच्यांमागे आपल्या शेजारी बसवलं. सुधाकरभाऊ म्हणाले, "वैनी, तुमी..." तेवढ्यात मामाजींचा आवाज आला. "सुधाकर, चूप. सूनबाई खरं बोलून राह्यली." एवढं बोलून ते वळले आणि एसटीकडे चालायला लागले.

मी नंतरच्या गाडीनं घरी आले. पाय घरात टाकायला धजत नव्हते. मामाजी बंगईवर होते. म्हणाले, पाणी आण. मी स्टीलचा गिलास भरून नेला. त्यांनी घेतला नाही.

"माहा पेला कुठं हाय?"

"कोणता, मामाजी?"

"माहं नाव हाय ज्याच्यावर, थो."

मी आत गेले. त्याच पेल्यातून मी सकाळी पाणी पिऊन निघाले होते. विसळावा की नाही, असा क्षणभर विचार आला आणि मी तो तसाच भरला. मामाजींनी पेला दोन्ही हातांत धरला, तोंड लावलं, सावकाश सगळं पाणी प्यायले आणि म्हणाले, "आखीन आण." सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि आत गेल्या. मामाजी दुसऱ्या दिवशी स्वतः ठाण्यात जाऊन जबाब देऊन आले. कागदावरचं कारण बदलायला फार हेलपाटे पडले, द्रुपदाबाई आणि इंदूच्या चपला झिजल्या, पण बदललं. मामाजींनी हातमोजे, तोंडाचे मास्क, चष्मे आणवले आणि ते घातल्याशिवाय आमच्या वावरात पंप पाठीवर घ्यायचा नाही असं ठरवून दिलं. शेवटपर्यंत ते त्या पेल्यातूनच पाणी प्यायले. मीही. सासूबाई म्हणायच्या, "घरात भांड्याईचा खच पडला अन् हे दोघं एका पेल्यावर भांडून राह्यले."

इंदू मग द्रुपदाबाईबरोबर फिरू लागली. ज्या बाईचं तोंड उघडत नव्हतं ती आधी हळू, मग मोठ्यानं बोलायला लागली. फवारणीच्या दिवसांत ती धुऱ्याधुऱ्यानं हिंडायची आणि फवारणाऱ्यांना म्हणायची, डोयाले धुकं दिसलं का पंप खाली ठेव, मालक रागावला तं मले सांग. तिच्या या सांगण्यानं किती माणसं घरी परत आली ते कुणी मोजलेलं नाही.

द्रुपदाबाईला शेवटची भेटले तेव्हा ती खाटेवर होती. आवाज पार गेला होता, तरी कुरकुर चालूच. भोंगा दुरुस्तीला टाकलाय, रशीदभाईंचा लेक बापासारखं काम करत नाही, इंदू फार घाईनं बोलते, श्वास घेत नाही, तिले सांग. मी म्हटलं, तूच सांग. मग तिनं पाणी मागितलं. खोलीत एकच भांडं होतं, मी भरून दिलं. ती प्यायली आणि माझ्याकडे बघून हसली. "त्या दिवशी तुले खरंच माहीत नव्हतं का वं, थो पेला पाटलाचा हाय म्हून?" मी म्हटलं, खरंच नव्हतं. "मले आजवर वाटलं तू मुद्दाम आनला," ती म्हणाली, आणि बराच वेळ आवाज न करता हसत राहिली.

गेल्या बाजाराच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. मी ओसरीत तूर निवडत बसले होते. फाटक वाजलं. इंदू होती. मी म्हटलं, ये, बस. ती बसली नाही. अंगणात उभी राहिली, जिथं द्रुपदाबाई उभी राहायची त्याच्या जरा अलीकडे. खांद्याला भोंगा होता. ती माझ्या डोळ्यांत बघत नव्हती, मग बघितलं.

"वैनी, उद्या बाजारात तुमचं नाव घेनार हाय."

मला वाटलं, द्रुपदाबाईबद्दल काही बोलणार असेल. मी म्हटलं, माझं कशाला गं?

"तुमच्या वावरात परवापासून फवारा चालू हाय. दोघंही गडी उघड्या तोंडानं मारून राह्यले, हातात मोजे नाही. मी सोता पाह्यलं. त्याईले इचारलं तं म्हने, कोनी देल्लेच नाही." तिनं श्वास घेतला. "चुकत असन तं आत्ता सांगा."

शेती आता माझा मुलगा बघतो. चांगला आहे, कष्टाळू आहे, उन्हात मास्क-मोजे घालून जीव घुसमटतो म्हणून माणसंच घालत नाहीत असं त्यानं मला सांगितलं होतं आणि मी ऐकून घेतलं होतं. मी उठले, कोठारात गेले. मास्कची आणि मोज्यांची पाकिटं खोक्यात होती. दुकानातून आली तशी, वरची चिकटपट्टीही काढलेली नव्हती. मी खोकं उचलून ओसरीत आणून ठेवलं. मुलगा आतून बाहेर आला होता, त्यानं खोक्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. इंदू तशीच उभी होती. जिनं तिच्यासाठी भोंगा हातात घेतला तिच्याच दारात ती आज आली होती, आणि नियम मोडला नव्हता. मला शरम वाटली, खूप वाटली. पण त्याच्याही वर काहीतरी छातीत भरून आलं. मला वाटलं, द्रुपदाबाई गेली हे खोटं आहे.

"चुकत नाही तू," मी म्हटलं. "घे माझं नाव."

इंदूनं मान हलवली. मग हळूच म्हणाली, "पाणी द्या थोडं."

मी आत गेले. तांब्याचा पेला मांडणीवर होता. काठाखालचं मामाजींचं नाव आता घासून घासून पुसट झालं आहे. मी तो काठोकाठ भरला, बाहेर आणला आणि तिच्या हातात दिला. तिनं पेल्याला तोंड लावलं.